चार घरं वर सरकवलेला खड्डा

१२ मे

दीपमालाच्या दारात चुन्याची फुली मारली! नगरपालिकेच्या नकाशात शोषखड्डा उताराच्या टोकाला, नागूबाईच्या घरापुढं आहे; पण आखणी माझ्याकडं, मी तो चार घरं वर सरकवला. कुणाला काय कळतंय!

गल्ली बदलतेय. सिमेंटच्या कडा फोडून जाळीचे ब्लॉक, आणि दगडांनी भरलेला एक मोठा खड्डा— वर कर्दळ, वाळा. पावसाचं पाणी गटारीत पळायचं नाही, जमिनीत मुरायचं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची अन् पावसाळ्यात तेच पाणी दारातनं वाहून जाताना बघायचं— किती वर्षं चाललं हे धाराशिवात!

मागच्या पावसाळ्यात दीपमाला याच गल्लीत चपला हातात धरून गुडघाभर पाण्यातनं चालली होती. तेव्हापासून मला दुसरं काही दिसत नाही.

१४ मे

मुकादम कुमारमामा लेव्हलची नळी घेऊन आले. नळीत पाणी भरायचं, दोघांनी दोन टोकं धरायची. उंच कुठं, सखल कुठं ते पाणीच सांगतं. म्हणाले, "रणधीर, हितं चढ हाय. पाणी थांबंल कशाला?"

मी भडकलो. "दोन वर्षं सिव्हिल शिकलोय मी!"

सर्व्हेच्या सरांच्या अंगावर धावून कॉलेज सोडलं, ते नाही सांगितलं. मामांनी नळी गुंडाळली.

१५ मे

दिवसभर खणलं. तिनं खिडकीतनं बघितलं. एकदाच!

१९ मे

दुपारी लिंबाखाली डोळा लागला. पाणी खड्ड्यात उतरतंय— दगडांच्या फटींतून, मुरमातून, हळूहळू, अंधारात, कुणाला न सांगता— तिच्या बोअरपर्यंत. मग तिच्या तांब्यात. ती एक घोट घेते आणि थांबते, चव ओळखीची वाटल्यागत...

मामांनी फावड्याच्या दांड्यानं ढोसलं. "उठा साहेब, दगडाची ट्रॉली आली."

२२ मे

सकाळी नागूबाई सडा टाकत होती. मला हाक मारली. "ये, बघ." बादली पालथी केली. पाणी सरळ तिच्या उंबऱ्याकडं पळालं.

"औंदा बी माझं अंथरूण भिजणार व्हय रं? तुमच्या नळीपरीस माझी बादली शहाणी हाय."

"आज्जी, तुम्ही इंजिनिअर आहात का?"

"न्हाय. पर घर माझं हाय."

दीपमाला दारातच उभी. सगळं ऐकलं तिनं. आत गेली, बादली आणली, नव्या खड्ड्यापाशी ओतली. पाणी खड्ड्याला वळसा घालून खाली— नागूबाईकडं.

"हा माझ्या दारात कशाला?"

पहिल्यांदा बोलली माझ्याशी! आणि हे!

"तुम्ही... मागच्या पावसात... चपला हातात घेऊन..."

तिनं बादली खाली ठेवली. मग म्हणाली, "चपला मी नागूबाईच्या दारात काढते. पाणी तिथं असतंय."

२३ मे

मामांना खरं सांगितलं.

"ठावं हाय. फुली मारताना तुझं ध्यान खिडकीत हुतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो की! तू सिव्हिल शिकलेला."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२४ मे

दगड उपसले. सगळे.

२८ मे

तिच्या दारातला खड्डा बुजवला, नागूबाईपुढं नवा खणला, वर वाढलेली कर्दळ लावली. हात सोलून निघालेत. लाज वाटते. तरी रचताना प्रत्येक दगडाला तिच्याबद्दल काहीबाही सांगत होतो. एवढं सगळं जमिनीत गेलंय आता, मुरेल कधीतरी. नागूबाईनं चहा दिला. "इंजिनिअर, साखर हाय का बघ."

२ जून

कर्दळीला पहिलं लाल फूल. तिनं बघितलं असेल का?

२१ जून

सकाळपासून धो धो. नागूबाईचा उंबरा कोरडा. गल्लीत पाणी तुंबलं नाही.

दीपमाला बॅग घेऊन निघाली. "लातूरला दवाखान्यात नोकरी लागली पोरीला," नागूबाई म्हणाली. "आता तिकडंच ऱ्हाणार."

छत्री धरून, कर्दळीशेजारनं, स्टँडकडं गेली. चपला पायातच होत्या.