चपला दिसल्या ती प्रार्थना

बाई,

आमच्या महिला मंडळात या महिन्यात आलेलं सामान असं: मोबाइल उभा करायचा स्टँड, चारशे साठ रुपये. पदराला लावायचा माइक, आठशे नव्वद. वायर माझ्या घरची, म्हणून फुकट. दुकानदार गोल दिवाही गळ्यात मारत होता, मी नको म्हटलं. चर्चच्या व्हरांड्यात सकाळी चांगलं ऊन येतं, त्याचे पैसे कोणी मागत नाही. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर चढवून विचारलं असतं, "काहून वं, एवढं कशाले?" तेच सांगायला बसले आहे.

आपल्या मंडळीतली तरुण पोरं आता पुण्याला, हैदराबादला, सुरतेला. रविवारी बाकांवर आम्हीच, पांढऱ्या केसांच्या. नवे पाळकसाहेब म्हणाले, पोरं चर्चला येत नाहीत, पण मोबाइल तर हातात असतो. महिला मंडळानं दर आठवड्याला तीन-चार मिनिटांचं काही चित्रण करून मोबाइलवर टाकावं, येशूच्या गोष्टींतला एखादा दाखला, देवाच्या अनुभवाची एखादी साक्ष, एखादी प्रार्थना. आणि प्रमुख म्हणून मला उभं केलं. मी म्हटलं, मी मॅट्रिक, मले त्यातलं काय समजते? तर मनीषनगरला राहणारी आमच्यातली एक जण, जी सुनेकडून मोबाइलचं सगळं शिकली आहे, ती म्हणाली, "ताई, तुम्ही हिशेब ठेवता, तुमच्या हातून फालतू खर्च होत नाई. बटणं मी दाबते, तुम्ही फक्त हो-नाई म्हणा." हो-नाही म्हणणं सोपं असतं असं मलाही तेव्हा वाटलं होतं.

पहिल्यांदा मला तुमचं स्वयंपाकघर आठवलं. रविवारच्या मुलांच्या शब्बाथ शाळेसाठी तुम्ही इतवारीतून फ्लॅनेलचं कापड आणायच्या आणि चुलीजवळ बसून मेंढरं, नावा, खजुराची झाडं कापायच्या. मागून पॉलिश पेपरचा तुकडा चिकटवला की चित्र फळ्यावरच्या कापडाला धरून राहायचं. मी कणकेची खळ ढवळते आहे आणि तुम्ही म्हणता, "मेंढराले डोळा काढू नको, पोरांले काढू दे मनात." आमच्या वेळी मोबाइल नव्हता, पण तुमच्या त्या फळ्यासमोर आम्ही पोरं पापणी हलवत नव्हतो.

तर आमची चूक ऐका. मौद्याची एक बाई आपल्या मंडळीत आहे. तिचा मुलगा दोन वर्षांपूर्वी बापाशी भांडून सुरतेला गेला. त्यानंतर फोन उचलत नाही. आईचा तर नाहीच, कारण भांडणात ती मधे बोलली नव्हती. ही मंडळीत कधी तोंड उघडायची नाही. त्या दिवशी व्हरांड्यात आम्ही दाखल्याचं चित्रण संपवत आणलं होतं आणि मी म्हटलं, "आता शेवटची प्रार्थना कोण करते?" कोणी काही म्हणायच्या आत ही बोलायलाच लागली. "देवा, तुले तं माहीत हाय मी तेव्हा काहून नाई बोलली. माह्या पोराले सांग, रात्री कडी लावत नाई मी अजून. भाजी कमी पडली तरी त्याच्या वाटची काढून ठेवते." असंच बोलत गेली, रडली नाही. आमेन झालं, आम्ही डोळे उघडले आणि पाहिलं तर मनीषनगरवालीचेही डोळे बंद! प्रार्थना म्हटल्याबरोबर तिनंही मान खाली घातली होती, हात जोडले होते, आणि जोडलेल्या हातांत मोबाइल उलटा लोंबत होता. आवाज शब्द न् शब्द आला. चित्रात मात्र फरशी, आमचे पाय, आणि मधोमध मौद्यावालीच्या चपला, एकीच्या पट्ट्याला सेफ्टीपिन लावलेली.

"अगं, तुले कॅमेरा धराले सांगितला होता ना!"

"मग का करू? देवासमोर डोळे उघडे ठेवू?"

 

मौद्यावालीनं तेवढंच विचारलं, "ताई, हे मोबाइलवर येते ना? तो पाहीन काय?"

मंडळीच्या सेक्रेटरी काकांनी ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "प्रार्थनेत चपला? लोक हसतील मंडळीले. आणि देवाशी बोलताना जरा शुद्ध बोलावं माणसानं."

"काका, देवाले मौद्याचं समजत नाई काय?" मनीषनगरवाली.

"ते मले नका शिकवू. पुन्हा घ्या, नीट घ्या."

म्हणून पुढच्या शनिवारी पुन्हा घेतलं. याच वेळी स्टँड आला आणि माइक आला. मौद्यावाली इस्त्रीची साडी नेसून आली, केसांना तेल, पाठ केलेला कागद हातात. "हे स्वर्गीय पित्या, माझ्या पुत्राला..." आणि थांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच थांबली. तिसऱ्यांदा कागद माझ्या हातात देऊन म्हणाली, "पुत्र म्हटलं का तो मले दुसऱ्या कोणाचा वाटून राहिला वं ताई."

त्या क्षणी मी पुन्हा तुमच्या स्वयंपाकघरात, आठ-नऊ वर्षांची. नाताळच्या करंज्या तळून झाल्या आहेत, तुम्ही मला प्रार्थना करायला सांगता, मी करते, छोटीशी. तेवढ्यात पाहुण्या येतात आणि माझी आई कौतुकानं म्हणते, पुन्हा म्हणून दाखव. मी दाखवते, हात पसरून, आवाज कापरा करून. सगळ्या वा वा करतात. तुम्ही झारा खाली ठेवता आणि विचारता, "पहिली देवाले गेली. ही कोणाले गेली वं?" नाताळच्या नाटकाची तालीम तुम्ही आमच्याकडून वीस वीस वेळा घ्यायच्या, एक शब्द खाली पडू द्यायच्या नाही. तरी त्या दुसऱ्या प्रार्थनेसाठी मला करंजी मिळाली नाही.

मी पाळकसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, "काम तुमच्यावर सोपवलं आहे, ताई." काका म्हणाले, लोक हसले तर सभेत उत्तर तुम्हीच द्यायचं. मी दोन्ही ऐकून मौद्यावालीला विचारलं, कारण प्रार्थना तिची, मुलगा तिचा. तुझं घरचं दुःख चार लोकांत जाईल, चालेल का? ती म्हणाली, "लाव वं. तोंड नाई दिसत तं बरंच हाय. माह्यं तोंड पाहून तो बंद करून टाकते." मी हो म्हटलं. आम्ही चपलांची प्रार्थना लावली. पुढे संगीत नाही, मागे फुलं नाहीत.

एक गोष्ट मात्र मी तुमच्यासारखी करत नाही, रागावू नका. तुम्ही फळ्याला कोणाला हात लावू दिला नाही. तुम्ही गेल्यावर चित्रांची पेटी उघडली तर आम्हाला क्रमच माहीत नव्हता, आणि एका नाताळात दुसऱ्याच दाखल्यातलं, जखमी वाटसरूला नेणारं गाढव बाळ येशूला भेटायला निघालेल्या मागी ज्ञानी लोकांच्या मागे, उंटाच्या जागी उभं राहिलं. पोरं हसली, फळा कपाटात गेला तो गेलाच. म्हणून आता मोबाइल पाळीपाळीनं सगळ्यांच्या हातात जातो. वाकडं येतं, डोकी कापली जातात. चालते. मी मेले तरी शनिवार चुकणार नाही.

लोक हसतील, असं काका म्हणाले होते. काही लोक हसलेही. पाचव्या दिवशी मौद्यावाली उन्हातून चालत माझ्या दाराशी आली, पाणीसुद्धा प्यायली नाही, मोबाइल पुढे केला. वाचता येतं तिला, पण मला वाचायला लावलं. एवढंच होतं: "आई, चपलेले सेफ्टीपिन काहून लावली? नवी घे. पैसे टाकतो." तो आला नाही अजून. बापाबद्दल एक शब्द नाही. पण रोज संध्याकाळी जेवली काय म्हणून विचारतो, आणि ही उत्तर लिहायला बोट लावते तेव्हा तिचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता.

हे पत्र कुठे टाकणार, बाई. घडी घालून उशीखाली ठेवते. पण कोणाला बोलले नाही ते तुम्हाला सांगते. त्या मुलासाठी पाहते असं म्हणत मी दिवसातून कितीदा तरी तो मोबाइल उघडते, आणि आधी पाहते किती लोकांनी आपलं काम पाहिलं ते. आकडा वाढला की आत गोड वाटतं. उपवासाच्या दिवशीसुद्धा वाटलं. हे गोड वाटणं देवाला द्यायचं कसं, की आधी थुंकून टाकायचं, मला समजत नाही. उलट टपाली कळवा.