वरचा कोण, खालचा कोण

४ ऑक्टोबर, संध्याकाळ
आज नाक कापलं गेलं. गुवाहाटीच्या शिक्षिकांचा ग्रुप घेऊन गुहेत गेलो होतो. छताला लटकलेल्या दगडी सुळक्यावर टॉर्च मारला आणि ऐटीत म्हणालो, हा स्टॅलॅग्माइट. मागून शानलांग बोलला, अहो गाइडसाहेब, लटकतो तो स्टॅलॅक्टाइट. जमिनीतून वर येतो तो स्टॅलॅग्माइट. वरून थेंब गळतो, दोन्हीकडे दगड साचतो, पण नावं वेगळी.
बायका फिदीफिदी हसल्या.
शानलांग म्हणजे दाफिराचा, माझ्या बायकोचा, थोरला भाऊ. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी तिच्या घरी नांदायला आलो तेव्हापासून बघतोय. पोरांचा मामा म्हणून घरात शेवटचा शब्द त्याचा. पोरांची शाळा मामा ठरवणार, डुक्कर कधी कापायचं तेही मामा ठरवणार. मी आपला जावई. एक गुहा तेवढी माझी होती, आता तिथेही गाइड होऊन आला.
सोडणार नाही.

६ ऑक्टोबर
गावचा दरबार, म्हणजे आमची पंचायत, बसला. महिनाअखेर मुख्य गाइड नेमणार. फाटकाची किल्ली त्याच्याकडे, बाकीचे गाइड त्याच्या हाताखाली. उमेदवार दोनच, मी आणि शानलांग. मुखिया म्हणाला, गुहेतच परीक्षा घेऊ, गावासमोर.
किल्ली त्याला गेली तर घरात तो आणि गुहेतही तो. मग मी काय कोंबड्यांवर राज्य करू?
संकल्प: दोन्ही शब्द पाठ करणे. शानलांगला माती चारणे. उद्यापासून सुरुवात.

७ ऑक्टोबर
आज डोकं दुखत होतं. उद्यापासून.

९ ऑक्टोबर
घोकंपट्टी गाढवांनी करावी. मला युक्ती सुचली. शब्दांच्या जागी घरातली माणसं बसवायची. वरचा तो मी, म्हणजे मी स्टॅलॅक्टाइट. खालचा तो शानलांग, म्हणजे तो स्टॅलॅग्माइट. मी वरून त्याच्या टाळक्यावर टपटप गळतोय आणि तो मुकाट सोसतोय! फार बरं वाटलं. दुपारभर हेच चित्र डोळ्यांपुढे आणत पडलो.
दाफिराला सांगितलं. ती म्हणाली, आपल्या घरात तू वरचा कधी झालास रे?
तिला शास्त्रात गती नाही.

१२ ऑक्टोबर
नुसतं मला येऊन भागणार नाही. त्याला विसरायला लावलं पाहिजे. आजपासून त्याच्या कानावर सतत उलटं घालायचं. बिचाऱ्याला कळणारही नाही आणि परीक्षेत तोंडावर आपटेल.
जेवताना सुरुवात केली. मोठ्याने म्हणालो, काय सुंदर स्टॅलॅग्माइट लटकतात हो आपल्याकडे! तो खाली मान घालून डुकराच्या मटणाचा भात खात राहिला. सासूबाई म्हणाल्या, किरमेन, गुहेतलं गुहेत ठेव, ताटातलं गार होतंय.

१५ ऑक्टोबर
मोहीम जोरात. चर्चच्या पायऱ्यांवर उलटं बोललो. सोहराच्या बाजारात उलटं बोललो. सुपारी कातरून त्याच्या हातावर ठेवतानाही बोललो. आज त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट गोंधळ दिसला. गालावर हात ठेवून विचारात पडला होता.
दाफिरा म्हणते त्याची दाढ दुखतेय. म्हणू दे.

२० ऑक्टोबर
थोरली शाळेत चुकीचं सांगून आली आणि बाईंची बोलणी खाल्ली. घरी येऊन मामाला विचारलं, मामाने नीट समजावलं. मी भडकलो. म्हटलं, बाप गुहेत गाइड असताना मामाला कशाला विचारायचं? तर म्हणते, पप्पा, तुम्हीच तर सांगितलं होतं.
लढाईत असं थोडंफार नुकसान व्हायचंच.

२६ ऑक्टोबर
जिंकल्यावर काय करायचं ते ठरवलं. शानलांगला सगळ्यात मागच्या ग्रुपबरोबर पाठवणार. वटवाघळांच्या बोळात. रोज. फाटकापाशी उभं राहून किल्ली मागायला लावणार, आणि मी ऐकू न आल्यासारखं करणार.

२९ ऑक्टोबर
उद्या परीक्षा. तयारी पक्की. मध्येच बारीक शंका आली, म्हणून गुहेत जाऊन आलो. छताकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं. मेले कुठे आपली नावं सांगतात!
पण वरचा मी. हे नक्की.

३० ऑक्टोबर
लिहायची इच्छा नाही, पण लिहितो.
सगळं गाव आत आलं होतं. सासूबाईही. मुखियाने छतावर टॉर्च मारला आणि विचारलं, किरमेन, वरचा हा कोण? उत्तर जिभेवर होतं, देवाशपथ. तेवढ्यात मुखियाच शानलांगला म्हणाला, तू जरा मागे हो बाबा, घरातलं वरचं माणूस समोर असलं की याची वाचा बसते.
घरातलं वरचं माणूस! माझं डोकंच फिरलं. आणि तोंडातून निघून गेलं, शानलांग.
गुहा ती, तिने ते नाव तीनदा घुमवलं.
मुखियाने शांतपणे टॉर्च खाली आणला. मग हा खालचा कोण?
मी म्हणालो, मी.
हसून हसून लोकांना ठसका लागला. मुखियाने खोदून खोदून विचारलं, तेव्हा सगळी युक्ती सांगावी लागली. एकटा शानलांग हसला नाही. म्हणाला, युक्ती झकास आहे, फक्त माणसं उलटी बसवलीस. दुसऱ्याच्या छपराला लटकतो तो जावई, म्हणजे स्टॅलॅक्टाइट. जिथे जन्मला तिथेच पाय रोवून उभा तो मामा, म्हणजे स्टॅलॅग्माइट.
सासूबाईंनी टाळी वाजवली. माझ्या सख्ख्या बायकोनेही.
किल्ली त्याला मिळाली.

३१ ऑक्टोबर
याचा सूड घेणार. असा घेणार की गाव नाव काढेल. आज मात्र अंग मोडून आलंय.

१४ नोव्हेंबर
मुख्य गाइडचा हुकूम: यापुढे प्रत्येक गाइडने ग्रुपला मामा-जावयाची युक्ती सांगायची. पाहुणे ती विसरत नाहीत म्हणे.
आज शिलाँगच्या कॉलेजची पोरं आली. वरच्या सुळक्याखाली उभा राहून सांगितलं, लटकतो तो जावई, स्टॅलॅक्टाइट. उभा तो मामा, स्टॅलॅग्माइट. पहिल्यांदाच एकही चूक झाली नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एकाने विचारलं, दादा, खरंच आहे का असा कुणी जावई? शानलांगने माझ्या तोंडावर टॉर्च धरला. मी हात जोडले. पोरांनी फोटो काढले.
घरी आल्यापासून दोन्ही शब्द विसरायचा प्रयत्न करतोय. जमत नाही.