तेहतीस अनारसे

१ मे २०२६, कनेरगाव नाका

राजीचा निकाल लागला. पहिलीतून दुसरीत! पोरगी हुशार आहे, पण निकालासोबत शाळेनं चार पानी फॉर्म दिलाय. पंधरा जूनला भरून आणा म्हणे. बसल्या बैठकीला भरायला घेतला. आईचं नाव साधना, व्यवसाय गुरांची डॉक्टर. वडिलांचं नाव मार्ट. गावाच्या लेखी मी मारोतराव आहे, पण फॉर्मवर तरी खरं लिहिलं. पुढची ओळ — वडिलांचं मूळ गाव.

पेन तिथंच थांबलं. एस्तोनिया लिहावं तर तो देश झाला. टार्टू लिहावं तर तिथलं घर आई गेल्यावर विकून टाकलं. सासरे व्यंकटराव चष्मा पुसत म्हणाले, ऱ्हाऊ द्या तेवढं, पंधरा जूनला लई टाइम हाय. राहू दिलं.

४ मे

गल्लीतली सगळी लेकरं आजोळी गेली. आज सकाळी राजी दप्तरात एक फ्रॉक, कंगवा आणि बिस्किटाचा पुडा भरून पायरीवर बसलेली. कुठं निघाली विचारलं, तर आजोळी म्हणे. मी सांगितलं, बाई, आपण राहतो हेच तुझं आजोळ. तिनं दप्तर मांडीवर ओढून घेतलं.

"मग माझं गाव कुठं हाय? सगळ्यांना दोन दोन गावं हायेत."

मी मोबाइलवरचे टार्टूचे फोटो दाखवले. नदी, बर्फ, माझ्या आईचं अंगण. तिनं विचारलं, तिथं आपलं कोण राहतं? मी म्हटलं, आता कोणी नाही.

"मग ते गाव न्हाई. फोटो हाय."

दप्तर रिकामं करून ती आत गेली. बिस्किटं आधीच खाल्ली होती. दिवसभर मला वाईट वाटत राहिलं. बाप म्हणून पोरीला एवढी एक गोष्ट देता येऊ नये?

१३ मे

सासूबाई मनकर्णाबाई माझ्याशी बोलत नाहीत. सहा वर्षं झाली! राग नाही, उलट मान आहे. त्यांच्या पिढीत जावयाशी समोरासमोर बोलत नाहीत म्हणे. मी समोर आलो की डोक्यावर पदर, आणि निरोप राजीमार्फत. "राजी, तुझ्या बाबाला म्हणावं भाकर वाढली." मी तीन फुटांवर बसलेला! राजी घरात नसली की शेळीला सांगतात. शेळी माझ्याकडे बघते, मी शेळीकडे बघतो, मग मी उठून हात धुतो. मी ज्या देशातून आलो तिथं माणसं एकमेकांशीच कमी बोलतात. त्यामुळे मला तकलीफ नाही. शेळीची सांगता येत नाही.

आजचा निरोप मोठा होता. रविवारपासून धोंड्याचा महिना लागतोय. तीन वर्षांतून एकदा येतो. लेक-जावयाला मानानं बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे आणि वर दिवा ठेवून ते ताट जावयाच्या हातात द्यायचं. मागच्या वेळी मी आईच्या आजारपणात तिकडे होतो. त्याआधीच्या वेळी टाळेबंदी. म्हणजे हे माझे पहिले धोंडे.

खोटं कशाला लिहू — मी खूश झालो. फार खूश झालो.

१७ मे

घोळ झाला!

दुपारी ओसरीवर मी शेंगा फोडत बसलेलो. सासरे एकदम म्हणाले, सगळं बराबर हाय, पण जावयाला बोलवायचं कुठून?

खरंच की. जावई बाहेरून यावा लागतो. बोलावणं घेऊन कोणीतरी त्याच्या दारात जायचं, त्यानं नवे कपडे घालून निघायचं, इकडे पायावर पाणी घ्यायचं. आणि हा जावई तर ओसरीवर शेंगा फोडून राहिलाय. ओसरीवरून स्वयंपाकघरात यायला बोलावणं कसं धाडायचं? साधना हसून हसून खाली बसली. मग जावई कोणाच्या घरून निघेल म्हणून मंडळी नातेवाईक मोजू लागली. सगळे साधनाकडचेच निघाले, म्हणजे मी तिथंही जावईच. धाबेवाला भागवत आमचा शेजारी, तो म्हणाला, माझ्या इथून निघा ना, नाक्यावरच तर हाय. यावर सासूबाईंचं राजीमार्फत उत्तर गेलं, की त्याच्या धाब्यावर मटण शिजतं आणि धोंड्याच्या महिन्यात आपला जावई मटणाच्या दारातून येणार नाही.

मी शेंगा फोडत राहिलो. सगळ्यांना मजा वाटत होती, मलाही. शेवटच्या दोन मुठी मात्र नुसत्याच हातात धरून बसलो.

२ जून

अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजत घातले होते. रोज पाणी बदलायचं काम माझ्याकडे. साधना दिवसभर गुरांमागे, माझं कॉम्प्युटरवरचं नकाशे काढायचं काम घरातूनच, त्यामुळे गावाच्या मते मी रिकामा. आज तांदूळ सावलीत सुकवून गिरणीकडे निघालो तर मागून निरोप आला.

"राजी, बाबाला म्हणावं, जावयानं आपल्या मानाचं पीठ आपणच दळून आणू नाही."

मी म्हटलं, राजी, आजीला विचार, मग कोण आणणार? आजोबा?

सासऱ्यांनी झोपेतच कूस बदलली. पीठ मीच आणलं.

७ जून

तोडगा निघाला. आम्ही तिघांनी हिंगोलीला लॉजवर जाऊन राहायचं. दोन दिवस. गुरुवारी अकरा वाजता सासरे टोपी घालून तिथं बोलावायला येणार. मला वाटलं चेष्टा आहे. त्यांनी खोली सांगूनही ठेवली होती.

९ जून

रूम नंबर एकशेचार. टीव्ही आहे, एसी आहे, खिडकीतून बसस्टँड दिसतं. राजी पलंगावर उड्या मारून थकली. फॉर्म सोबत आणलाय. इथं शांतपणे काहीतरी सुचेल म्हणून.

१० जून

काही सुचलं नाही.

राजीनं साधनाच्या फोनवरून मैत्रिणीला फोन लावला. तिकडून आजोळच्या विहिरीच्या गप्पा चालल्या असाव्यात. आमची बाई ऐटीत म्हणाली, "मी पण बाबाच्या गावाला आलेय. एकशेचार नंबर हाय त्याचा. उन्हाळ्यात पण थंड असतं."

साधना आणि मी एकमेकांकडे बघून हसलो. मग मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभा राहिलो. माझ्या पोरीचं वडिलांकडचं गाव म्हणजे उद्या बारा वाजता रिकामी करायची खोली! मला लाज वाटली. इथं सहा वर्षं राहिलो, भाकरी थापायला शिकलो, तरी मी कुठून आलो हे दाखवायला भाड्याची खोली लागली.

११ जून

पहाटे साधनाला फोन आला, वारंगा फाट्याजवळ म्हैस अडली होती. ती गेली. राजी गाढ झोपेत. सातला दार वाजलं.

सासूबाई! एकट्या. डोक्यावर पदर. खाली भागवत जीप घेऊन उभा. त्या आत आल्या आणि खोली बघू लागल्या. दोरीवरचा राजीचा फ्रॉक, कागदी ताटल्या, टेबलावरचा फॉर्म. मग राजीकडे बघितलं. मी खुणेनं सांगितलं, झोपलीय. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. शेळीही नव्हती.

 मग भिंतीकडे बघत म्हणाल्या, "काल दोन्ही टायमाला तुमचं ताट मांडलं मी. ध्यानातच न्हाई राहिलं."

 सहा वर्षांचं मराठी कुठं गेलं देव जाणे.

"चला घरी. लेकराला उचला."

मी कसंबसं म्हटलं, पण बोलावणं अकराचं आहे. त्या दोरीवरचा फ्रॉक काढून घडी घालत होत्या.

१३ जून

घरी येऊन दोन दिवस झाले. धोंडे नाहीत. पुरण शिजलं नाही. तांब्याचं ताट पुन्हा माळ्यावर गेलं. तळलेले अनारसे डब्यात आहेत आणि रोज दुपारी चहासोबत प्रत्येकाला एकेक मिळतो, बिस्किटासारखा. सासऱ्यांना विचारलं तर ते चष्मा पुसत बसतात. साधनाला विचारलं तर म्हणाली, तूच विचार आईला. आता कसं विचारू? निरोप पुन्हा राजीमार्फत सुरू झालेत.

बोलावण्याआधी निघालो ते चुकलं का? अकरापर्यंत थांबायला हवं होतं का? महिन्याचे दोन दिवस उरलेत. इथं कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो — मला ते ताट हवं होतं. धोंडे कसेही लागोत. माझ्यासाठी म्हणून या घरात काहीतरी व्हायचं होतं, ते झालं नाही. मनाला लागलंय.

१५ जून

शाळा उघडली. सासूबाई सोबत आल्या. दीपक सरांनी फॉर्म चाळला. वडिलांचं मूळ गाव रिकामं आहे म्हणाले. मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, कनेरगाव लिव्हा. सर हसले. म्हणाले, आजी, ते तर आईकडचं झालं, हे जावई ना तुमचे?

"जावई असता तर धोंडे केले नसते काय? घरचं पोरगं हाय ते. लिव्हा."

सरांनी लिहिलं.

येताना गिरणीपाशी थांबल्या. राजी बाजूलाच होती, तरी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मारोती, दळण घे बाबा तेवढं."

घेतलं.