आईला 'वॉज' लावू नकोस

कोल्हार,
सोमवार, १५ डिसेंबर

प्रिय वैजू,

'प्रिय' लिहायचं नव्हतं. दोनदा खोडलं. पण पत्राची दुसरी कुठली सुरुवात मला येत नाही, आणि 'डिअर सर' लिहायला मी तुझी विद्यार्थिनी असले तरी आधी थोरली बहीण आहे. हो, विद्यार्थिनी. तुला ठाऊक नाही, पण गेले आठ महिने मी तुझ्याच क्लासात बसते. नगरला सावेडीत फळ्यासमोर उभा राहून तू जे व्हिडिओ काढतोस ते सगळे मी पाहिलेत, काही तर तीनतीनदा. सतरा नंबरचा फॉर्म भरलाय मी. वयाच्या चौतिसाव्या वर्षी, येत्या मार्चला दहावीला बसतेय. मराठी, इतिहास जमतंय, पण इंग्रजीने नववीत दार लावून घेतलं ते अजून पुरतं उघडत नाही. तुझे दाजी म्हणाले, घरचाच मास्तर आहे की, फोन लाव त्याला. लावला. एकदा नाही, पाच वेळा. दर वेळी तू 'ताई, क्लासमध्ये आहे, करतो नंतर' म्हणालास. मग म्हटलं, ज्याच्याकडे सगळा महाराष्ट्र फुकट शिकतो त्याच्याकडे आपणही फुकट शिकू.

शिकवतोस चांगलं, हे रागातही कबूल करते. पण तुझ्याकडून शिकलेला एक शब्द माझ्या घशात अडकलाय. इंग्रजीत तीन अक्षरांचा आहे. तो बाहेर काढल्याशिवाय मला भाकर गोड लागायची नाही. इंग्रजी शब्द मी आपल्याच लिपीत लिहिणार आहे. स्पेलिंगच्या चुका काढून मुद्दा बाजूला सारायची सवय तुला लहानपणापासून आहे.

पहिल्या धड्यात तू सांगितलंस की साधा वर्तमानकाळ म्हणजे आत्ता घडतंय ते नव्हे, नेहमी घडतं ते. सूर्य पूर्वेला उगवतो. नदी समुद्राला मिळते. आणि मग म्हणालास, 'माय मदर मेक्स टी एव्हरी मॉर्निंग.' मी लसूण सोलत होते, हात थांबला. कुठली आई रे? आपली आई तो सूर्य उगवायच्या आत उसाच्या फडात उभी असते. चहा झालाच तर बांधावर, तीन दगडांच्या चुलीवर, तोही टोळीतल्या भागूबाईने केला तर. तेव्हा मी हसले. म्हटलं, उदाहरण आहे, उदाहरणात काय कोणी खरं सांगतं.

त्या धड्यावरून नववीतलं आठवलं. तू तेव्हा शेवगावला वसतिगृहात होतास, तुला कोणी सांगितलं नसेल. इंग्रजीच्या बाईंनी मला उभं करून विचारलं, तुझी आई काय करते? मी म्हणाले, 'माय मदर इज कटिंग शुगरकेन.' बाई म्हणाल्या, चूक, 'कट्स' म्हण, रोजचं काम आहे ते. मी ऐकेना. मी म्हणाले, बाई, रोजचं नाही, आत्तापुरतं आहे. पाडवा झाला की टोळी गावी येते, मग आई घरी असते. सूर्यासारखं कायमचं नाही ते. पोरं हसली. बाईंनी वहीत लाल रेघ मारली. पुढच्या दिवाळीनंतर आबांनी मलाच टोळीबरोबर नेलं, पाचटाच्या कोपीवर स्वयंपाकाला माणूस हवं म्हणून, आणि शाळा तिथेच सुटली. तुझी सुटू नये म्हणून माझी सुटली, हे आपण दोघांनीही कधी बोलून दाखवलं नाही. आज मी बोलते आहे. आणि बाईंचंच बरोबर होतं. वीस वर्षं झाली, 'इज कटिंग' कधी सरलंच नाही. ते 'कट्स'च होतं.

दुसऱ्या धड्यात 'आय एन जी' लावायला शिकवलंस. एक नवीच गोष्ट सांगितलीस की ठरलेल्या भविष्यासाठीही हाच काळ वापरतात. 'आय ॲम कमिंग ऑन संडे' म्हणजे येणं पक्कं, तिकीट काढलंय, पिशवी भरलीय. मला वाटलं, हे तर आपल्या मराठीतही आहे. तूच तर फोनवर आईला म्हणतोस, 'येतोय गं रविवारी.' आबा गेले त्या वर्षीपासून म्हणतोस. 'तुला नगरला घेऊन जातोय, खोली बघतोय.' सहा वर्षं झाली वैजू. आई टोळीबरोबर दर हंगामाला इकडे प्रवरेकाठी उतरते. नगरहून कोल्हारला यायला दोन तास लागत नाहीत. तुझ्या व्याकरणात ठरलेलं म्हणजे नेमकं किती ठरलेलं असतं, ते एखाद्या व्हिडिओत सांग. बाकीच्यांचं माहीत नाही, मला कळलेलं नाही.

आबा गेल्यावर ती थांबेल असं वाटलं होतं. कोयता म्हणजे नवरा-बायको, एकट्या बाईला मुकादम धरत नाही. पण तिने भागूबाईला गाठलं, तीही एकटीच. आता दोघींचा मिळून एक कोयता. एक तोडते, एक मोळ्या बांधते, दुपारनंतर अदलाबदल. मी म्हटलं, माझ्याकडे राहा. म्हणाली, लेकीच्या दारात हंगामभर कशी राहू, वैजू नेणार आहे मला. तुझ्या त्या 'येतोय'वर ती सहा हंगाम तोडत आलीय.

आता त्या व्हिडिओकडे येते. दिवाळीच्या आधी तू 'माझी गोष्ट' म्हणून टाकलास तो. सगळा इंग्रजीतून. मला तेव्हा अर्धाही कळला नाही, पण आईचा फोटो ओळखला. मोळी डोक्यावर घेतलेला, मीच काढलेला. तू तो काळा-पांढरा केलास आणि मागे बासरी लावलीस. टोळी आल्याबरोबर मी मोबाईल घेऊन कोपीवर पळत गेले, आईला दाखवला. तिने विचारलं, काय म्हनतोय? मी सांगितलं, तुझं कौतुक करतोय. तिने दोन्ही हातांनी पडद्यावरून तुझी दृष्ट काढली. मग सगळ्या टोळीला दाखवला. जो भेटेल त्याला सांगायची, माझा वैजू माझ्याविषयी विंग्रजीत बोलतो.

मग गेल्या महिन्यात तुझ्याच धड्यात 'इज' आणि 'वॉज' आलं. जे आहे त्याला 'इज', जे होतं आणि आता नाही त्याला 'वॉज'. मी वहीत लिहून घेतलं आणि सहज 'माझी गोष्ट' पुन्हा लावला. आता कळेल म्हणून हौसेने लावला रे. 'माय मदर वॉज अ शुगरकेन कटर. शी वॉज माय फर्स्ट टीचर. शी हॅड नथिंग, बट शी गेव्ह मी एव्हरीथिंग.' एकेक वाक्य थांबवून वहीशी ताडून पाहिलं. वाटलं माझंच चुकतंय. बारा वाक्यं आहेत आईवर आणि बाराच्या बारा भूतकाळात. आबांना 'वॉज' लाव, ते गेले, त्यांना खांदा देताना मी पाहिलंय तुला. आई तर तिकडे कोपीसमोर बसून कोयत्याला कानस घासतेय.

तरी मी म्हटलं, असेल बोलण्याच्या ओघात. मग खालच्या कमेंट वाचल्या. तिथल्या मराठीला क्लास लागत नाही. 'भावपूर्ण श्रद्धांजली सर.' 'आईंच्या आत्म्यास शांती लाभो.' 'अशी माय पुन्हा होणे नाही.' शेकड्यांनी आहेत. आणि एकेकीखाली तू जोडलेले हात टाकलेस. एकालाही म्हणाला नाहीस की अहो, ती जिवंत आहे. चुकून 'वॉज' निघालं असतं तर पहिल्याच श्रद्धांजलीला तू ते सुधारलं असतंस. मेलेल्या आईच्या मुलाला टाळ्या जास्त पडतात का रे? की जिवंत आई फडात आहे म्हटलं की लोक विचारतील, सर, मग तुम्ही काय करताय?

मी खाली लिहिलं, 'आई जिवंत आहे. इज लिहा.' दहा मिनिटांत ते पुसलं गेलं आणि माझ्या खात्यावरून पुढे काही लिहिताच येईना. म्हणून हा कागद. तुझे दाजी टेम्पो घेऊन उद्या नगरला येतायत, तुझ्या हातात देतील आणि तू फोडेपर्यंत उभे राहतील. हा पुसता येत नाही.

मी ठरवलं होतं, आईला कळू द्यायचं नाही. पण काल कारखान्याचं गाळप बंद होतं, काहीतरी बिघाड होता, टोळीला सुट्टी मिळाली. मी शेंगोळे करून घेऊन गेले. बायकांनी हट्ट धरला, वैजनाथचं ते लाव. लावलं. भागूबाई चौथी शिकलेली, अक्षराला अक्षर लावून वाचते. तिने मोबाईल हातात घेतला आणि खालचं वाचायला लागली. भा, व, पू, र्ण. मला कळलं, मी हात पुढे केला, तोवर तिने पुढचाही शब्द लावला होता. लावला आणि मग तिला अर्थ लागला. आईची कानस थांबली. ती म्हणाली, "वाच की. थांबलीस का?"

भागूबाईने आणखी चार वाचल्या. आईने मला विचारलं, "ह्ये हात जोडल्याले कुनी टाकल्यात?"

मी म्हणाले, वैजूने.

ती रडली असती तर बरं झालं असतं. मी शिव्या दिल्या तुला, कोपीसमोर उभं राहून, सगळ्यांच्या देखत. तिने मला गप्प केलं आणि विचारलं, "मी हाय, ह्ये विंग्रजीत कसं म्हनत्यात?"

मी म्हटलं, आय ॲम.

"येवढंच?"

येवढंच, आई. मग ती पुन्हा कानस घासायला लागली आणि घासता घासता म्हणत राहिली, आय ॲम, आय ॲम. आधी 'आयाम' म्हणायची. मी दोन शब्द सुटे करून दिले. तुझ्या कुठल्या पोराने इतक्या चिकाटीने पाठ केलं नसेल.

शेवटच्या धड्यात तू गृहपाठ दिलायस, 'हॅज बीन' वापरून एक वाक्य, आणि 'फॉर' की 'सिन्स' ते नीट बघा म्हणालास. माझं लिहून घे. 'माय मदर हॅज बीन कटिंग शुगरकेन फॉर थर्टी सिक्स इयर्स.' जे मागे सुरू झालं आणि अजून संपलेलं नाही, त्यासाठी हा काळ, असं तूच सांगितलंस. बरोबर असेल तर टिक कर. चूक असेल तर येऊन सांग, फडाचा पत्ता मागे लिहिलाय.

आता हे पत्र कशासाठी, ते. येत्या रविवारी सकाळी तुझा लाइव्ह क्लास आहे. शेवटी तू म्हणतोस, कोणीही हात वर करा आणि वर्तमानकाळातलं एक वाक्य बोला. तुझ्या दाजींच्या मोबाईलवरून आई हात वर करणार आहे. मी तर म्हणाले होते, आधी काही कळवायचं नाही, होऊ दे त्याचं तोंड पांढरं चार हजार पोरांसमोर. आईने ऐकलं नाही. "आदी त्येला कळव," म्हणाली. "पोरांम्होरं मास्तरची मान खाली जाऊ ने." म्हणून लिहिलं. माझ्या मनाने नाही, तिच्या सांगण्यावरून. मी तिला दोन वाक्यं शिकवत होते, 'आय ॲम लंकाबाई' आणि 'आय ॲम वैजनाथ्स मदर'. पहिलं तिने पाठ केलं, तोंडात बसलंय तिच्या. दुसरं नको म्हणाली. "त्ये त्येचं हाय," म्हणाली, "त्येला वाटलं तर त्यो म्हनंल." वैजू, तुझ्या तोंडी ते वाक्य चार शब्दांचं आहे. 'शी इज माय मदर.' पहिल्याच धड्यातलं आहे. रविवारी तिचं बोलून झालं की ती गप्प बसेल आणि मोबाईल धरून वाट बघेल.

अजून तरी तुझीच,
ज्योतीताई