बाकावरच्या गोजराबाई

१२ जानेवारी २००४

आज परत गोजराबाई. सायखेड्याहून सकाळच्या एसटीनं येतात, कॅज्युअल्टीच्या दारात चपला काढतात — तिथं कुणीच काढत नाही. "सिस्टर, छातीत दुखतंय." ईसीजी काढला. नेहमीसारखाच चांगला. मग बाकावर बसून राहिल्या, दुपारच्या गाडीनं गेल्या.

त्यांचा मुलगा सोमनाथ गेल्या वर्षी मोटारसायकलवरून पडून गेला. आमच्याकडेच आणला होता म्हणे, माझ्याच ड्युटीत. मला आठवत नाही. किती येतात!

२७ जानेवारी

मीटिंग. दिल्लीहून आलेल्या डॉक्टरांनी पडद्यावर आलेख दाखवले. साऱ्या देशात कॅज्युअल्टीत येणारे दर वर्षी वाढतायत. मोटारसायकलींचे अपघात, छातीत दुखणं, विषबाधा — प्रत्येकाची वेगळी रेघ, सगळ्या वर चढणाऱ्या. म्हणाले, यातल्या बऱ्याच जणांना तातडीची गरजच नसते. गावातला दवाखाना बंद, म्हणून येतात. आमचे साहेब माझ्याकडे वळले, "म्हणजे तुमच्या त्या बाकावरच्या बाई." सगळे हसले. मीही हसले.

परत वॉर्डात आले तर सकाळी आणलेला, द्राक्षाच्या फवारणीचं औषध प्यायलेला दिंडोरीचा पोरगा गेला होता. बायको व्हरांड्यात बसलेली. पुढच्या आलेखात तोही असेल. ती कुठेच नसेल.

३ फेब्रुवारी

नवा नियम. तातडीचं नसेल त्याला दारातूनच ओपीडीत पाठवायचं.

९ फेब्रुवारी

गोजराबाईंना मीच थांबवलं. "आजी, तुमचं हृदय चांगलं आहे. इथं बसू नका आता." चपला घातल्या, गेल्या.

जेवण गेलं नाही.

२९ फेब्रुवारी

तेव्हापासून आल्याच नाहीत. राहवेना. रविवार होता, सायखेड्याला गेले. गोजराबाई ओट्यावर मटार सोलत होत्या. बघून दचकल्या, मग हसल्या. सून निकितानं चहा केला. कप देताना हळूच विचारलं, "सिस्टर, हे शेवटी काही बोलले का? दवाखान्यात जीव गेला, एवढंच मला सांगितलं सगळ्यांनी."

काय सांगणार? ज्याचा चेहराही आठवत नाही त्याचं? म्हटलं, "तुझं नाव घेतलं. आईला सांभाळ म्हणाला."

निकिता पदर तोंडाला लावून आत गेली. गोजराबाईंचे हात थांबले. माझ्याकडे बघत राहिल्या. निघताना मटारची पिशवी दिली.

एसटीत पिशवी मांडीवर घेऊन बसले. असं कसं बोलून गेले मी.

८ मार्च

गोजराबाई आल्या. छातीचं नाव काढलं नाही. मला बाजूला घेतलं.

"सोमनाथ हिकडं आणताना जीपमधीच गेला व्हता, सिस्टर. डोकं माझ्या मांडीवर व्हतं. कायबी बोलला नाय. सुनेला म्या सांगितलं नाय, तुमीबी सांगू नका. ती काल पोटभर जेवली."

मी मान खाली घातली.

"पर इथं आणल्यावर तुमी त्याचं रगत पुसलं. केस सारखे केले. मेलेल्याचं कोण करतं एवढं? छातीत कुठं दुखत व्हतं मला. तुमाला बघाया येत व्हते मी."

मला अजूनही काही आठवत नाही.