भाऊजींचं बंद खातं

३ मार्च, मंगळवार

धाकट्या जावेचा फोन. नेमका माझ्या लाँड्रीत गर्दी असताना. "ताई, यांचं खातं उघडेना हो. पासवर्ड चुकीचा म्हणतंय."

भाऊजींनी आजारपणात रोज काही ना काही बोलून ठेवलं, तिच्यासाठी. "मी गेल्यावर ऐक," म्हणाले होते. पाच महिने तिला हिंमत झाली नाही. काल झाली, तर दाराला कुलूप. त्यांचा फोन तर हॉस्पिटलातच हरवला. पण आवाज फोनात नव्हताच, क्लाउडवर आहे — म्हणजे कुठल्याशा कंपनीच्या दूरच्या मशिनींत. फोन गेला तरी आवाज राहतो, असं भाऊजीच सांगायचे.

ह्यांचा आवाज कुठेच नाही. ह्यांना जाऊन आठ वर्षं झाली. दारातून "येतो गं" म्हणायचे, ते आठवायला जाते तर शब्द येतात, आवाज माझाच असतो.

५ मार्च, गुरुवार

धाकटीकडे जाऊन आले. अजून माणसांची ये-जा आहे तिच्याकडे. सासूबाई तिच्या केसांतून हात फिरवत होत्या. माझ्या वेळी म्हणाल्या होत्या, "तू धीराची आहेस." एखादीला धीराची म्हटलं की लोक आपापल्या घरी जायला मोकळे. पंधरवड्यात माझ्याकडे शुकशुकाट होता.

"ताई, तुम्ही एवढं वाचता, तुम्हीच बघा ना खरी मदत कुठे मिळते ते."

बघते म्हटलं. वाचते खरी. शाळा लवकर सुटली. वाचायची गोडी लागली ती कपडे गुंडाळायच्या जुन्या पेपरांवर. गिऱ्हाईक पावती शोधेपर्यंत माझा अर्धा अग्रलेख व्हायचा.

६ मार्च, शुक्रवार

सल्ला द्यायला सगळं जग बसलंय. मोबाइलच्या दुकानातला म्हणाला, "काकू, सगळी माहिती लिहून द्या, संध्याकाळपर्यंत उघडतो." कसं उघडणार विचारलं, तर नुसता हसला. एका व्हिडिओत एक सांगतात, दुसऱ्यात नेमकं उलटं. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणे, "क्लाउडचं काही खरं नसतं, गेलं ते गेलं." त्यांचं स्वतःचं काय गेलं ते सांगितलं नाही.

शेवटी इकडचं तिकडचं शोधणं सोडलं. ज्या अ‍ॅपमध्ये भाऊजी आवाज ठेवायचे, तेच माझ्या फोनात उघडलं आणि त्याच्याच आतून मदतीच्या पानावर गेले. बाहेरची पाटी कुणीही लावेल, आतली कंपनीचीच असणार. तिथे होतं: खातेदार हयात नसेल तर. सगळं सरळ लिहिलेलं. हे पाठवा, ते पाठवा, आम्ही पासवर्ड कधीच विचारत नाही.

संध्याकाळी धाकटीनं विचारलं, "काही सापडलं?"

म्हटलं, "बघतेय."

८ मार्च, रविवार

आजही नाही सांगितलं. ती डोळे मिटून भाऊजींना ऐकत बसलीय, असं मनात येतं आणि फोन लावायला बोट पुढे सरकत नाही.

१० मार्च, मंगळवार

आज थोडक्यात वाचलो.

धाकटीकडे गेले तर ती फोनवर. "हो सर. आला कोड. वाचू का?" इंटरनेटवर सगळ्यात वर दिसलेला मदतीचा नंबर लावला होता तिनं. पलीकडचा इतका गोड बोलत होता की मला दारातूनच शंका आली. नोकरीवरचा माणूस एवढा गोड नसतो. फोन हातातून ओढला आणि बंद केला.

"ताई! तो मदत करत होता."

"चोर होता. कोड म्हणजे घराची किल्ली. तुझं बँकेचंही त्याच फोनात आहे ना?"

ती खाली बसली. "मग खरी मदत आहे तरी कुठे?"

सासूबाई बघत होत्या. गप्प राहता आलं असतं. नाही राहिले.

"मला सापडलीय. शुक्रवारीच."

"शुक्रवारी?" धाकटी म्हणाली. "ताई, आज मंगळवार."

उठून कपाटातली कागदांची पिशवी माझ्यापुढे ठेवली. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं.

कागद मात्र शेजारी बसून पाठवले. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागू देत नव्हती.

१७ मार्च, मंगळवार

कंपनीचं उत्तर आलं. धाकटीनं मोठ्यानं वाचलं. पासवर्ड कुणालाच मिळणार नाही. पण खातेदारानं हयातीतच एका विश्वासू माणसाचं नाव देऊन ठेवलंय. खातं बरेच महिने कुणी उघडलं नाही, म्हणून त्या माणसाला ईमेल आपोआप गेलेलं आहे. जे काही आहे ते त्याच्याकडूनच मिळेल. नाव सांगता येत नाही.

"मला तर काही आलं नाही," धाकटी म्हणाली. मग ते उत्तर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. "ताई, बायको सोडून कुणाचं नाव दिलं असेल हो यांनी? ऑफिसातली ती डबा पाठवायची, ती असेल?"

"काहीतरीच काय."

"मग कोण? सांगा ना. कोण मोठं होतं माझ्यापेक्षा?"

तिचा चेहरा मी ओळखला. आरशात पाहिलाय. आणि खरं लिहायचं तर — क्षणभर बरं वाटलं. जळायला सोबत मिळाली.

१८ मार्च, बुधवार

माझ्याच ईमेलच्या कचऱ्यात होतं. मागच्या महिन्याच्या अखेरीस आलेलं. "तुम्हाला एका खात्याचा ताबा देण्यात येत आहे" — असलं काही आलं की फसवणूकच, म्हणून न उघडता टाकलं होतं. आज अ‍ॅपमधल्या पानाशी पत्ता ताडून पाहिला, मगच उघडलं. खाली भाऊजींच्या दोन ओळी.

"वहिनी, हे सगळं तिचं आहे. पण तिला एकटीला ऐकू देऊ नका, जवळ बसा. दादा गेला तेव्हा तुम्ही एकट्याच बसायचात. मला दिसत होतं, पण काय बोलावं ते सुचायचं नाही, म्हणून आलो नाही."

लाँड्रीचं शटर ओढलं. धाकटीकडे निघालेय. आज तिथेच राहीन.