यात्रेआधी ऑपरेशन

२ मार्च
बारशाला चार भजी खाल्ली. तासाभरात उजव्या बरगडीखाली तीच कळ, पार पाठीत. ओकारी. आमची पिठाची गिरण चालू आणि मी पोत्याला टेकून. सासूबाईंचा उपाय ठरलेला: पानफुटीची पानं. दिराचा खडा पडला म्हणे त्यानं!

६ मार्च
इस्लामपुरात सोनोग्राफी. पित्ताशयात खडे, सूज. डॉ.ना पानांचं सांगितलं, हसले. दिराचा मुतखडा होता, लघवीवाटे पडला. पित्ताचे खडे पानांनी जात नाहीत. त्रास नसता तर हातही लावला नसता म्हणाले. पण सारखं दुखतंय, सूज आहे, तर पित्ताशयच काढायचं. सांगलीला, दुर्बिणीतून. ताप आला, डोळे पिवळे झाले तर तारखेची वाट बघायची नाही.
पित्ताशय नसलं तर पचणार कसं? पित्त यकृतात तयार होतं, पित्ताशयात नुसतं साठतं. बरं झालं विचारलं.

७ मार्च
घरात तोफखाना. सासूबाई: "यात्रा तोंडावर हाय. पाव्हण्यांचं मटण कोण रांधणार? यात्रा झाल्यावर बघू."
पोस्टिंगवरून ह्यांचा फोन. यात्रेला सुट्टी टाकलीय, आल्यावर ठरवू.
म्हटलं, सुट्टी तुमची, पोट माझं. फोन ठेवला. बरं वाटलं.

११ मार्च
गिरणीवर दळण कमी, सल्ले जास्त. शेजारच्या आक्का म्हणे, "पोट फाडल्यावर बाई कामाची ऱ्हात न्हाई."
"मग आतापासनंच सवय करा आक्का. तुमचा डबा तुमीच उचला."
उचलला त्यांनी.
संध्याकाळी परत कळ. आता बास. सांगलीला फोन लावून तारीख घेतली. यात्रेच्या आधीची. कुणाला विचारलं नाही, विचारणारही नाही.

१४ मार्च
आज सांगून टाकलं. सासूबाई भाकरी थापता थापता थांबल्या.
"माजी थोरली भन अशीच पोटाच्या आपरेशनला गेली. परत आली न्हाई. मी येनार न्हाई तितं."
इतकी वर्षं एका चुलीवर, आणि हे मला आज कळतंय. यात्रा नुसतं निमित्त. फार वाईट वाटलं. जवळ जाऊन बसले. पण तारीख बदलणार नाही, हेही सांगितलं.

१८ मार्च
सांगली. गिरणीला कुलूप लावून स्टँडवर गेले तर सासूबाई आधीच बाकावर, मांडीवर बोचकं. "चल" एवढंच.
आता वॉर्डात. उद्या सकाळी पहिला नंबर माझा. ह्यांचा फोन अजून नाही. नसू दे.
मला भीती वाटतेय. इथं लिहिते, तोंडानं कबूल करणार नाही.
सासूबाई खाटेशेजारी, बोचकं अजून मांडीवरच. मघाशी त्यांना म्हटलं, "आत्या, काहीतरी बोला. भांडा तरी."
"तू भाईर ये आदी. मग भांडते."